पंचाविना खेळ : महाविद्यालयाच्या आवारातील डिस्क गोल्फ

निवासी शाळेत वाढलेल्या माणसाला मैदानाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. वर्गात शिकलेले पुष्कळसे पुढे विस्मरणात जाते. परंतु संध्याकाळच्या त्या एका तासात मैदानावर जे अंगवळणी पडते ते सहसा पुसले जात नाही. म्हणूनच या स्मरणिकेत एका खेळाविषयी लिहावे असे आम्हांस वाटले. खेळ आपल्याकडचा नाही. तो उत्तर अमेरिकेत जन्मला व तेथेच वाढला. त्याचे नाव डिस्क गोल्फ. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली काही मुले-मुली आज परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. वसतिगृहाकडून वर्गाकडे जाताना झाडांच्या आडोशाला एक लोखंडी खांब, त्यावर टांगलेल्या साखळ्या आणि खाली जाळीची टोपली असे काही तरी त्यांच्या दृष्टीस कधी ना कधी पडले असेल. हे काय आहे, असा प्रश्न ज्यांना पडला त्यांच्यासाठी, आणि ज्यांना तो पडण्याचा प्रसंग आला नाही त्यांच्यासाठीही, हा लेख आहे.

खेळाचे स्वरूप

गोल्फमध्ये चेंडू काठीने टोलवीत जमिनीतील खळग्यात घालावयाचा असतो. डिस्क गोल्फमध्ये काठी नाही, चेंडू नाही आणि खळगाही नाही. हाताने एक तबकडी फेकावयाची आणि ती त्या साखळ्यांच्या टोपलीत टाकावयाची. पहिली फेक ठरलेल्या चौथऱ्यावरून होते. या चौथऱ्याला ‘टी’ म्हणतात. तबकडी जेथे पडेल तेथे चालत जावयाचे, तेथून पुढची फेक करावयाची आणि ती टोपलीत विसावेपर्यंत हा क्रम चालू ठेवावयाचा. एका टोपलीचे काम संपले की जवळच्या दुसऱ्या चौथऱ्याकडे वळावयाचे. अशा नऊ किंवा अठरा टोपल्या मिळून एक फेरी होते. ज्याच्या फेका सर्वांत कमी, तो जिंकला.

प्रत्येक टोपलीसाठी जाणत्या खेळाडूला साधारणपणे किती फेका लागाव्यात याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. त्याला ‘पार’ म्हणतात. पारपेक्षा एक फेक कमी लागली तर ‘बर्डी’, एक जास्त लागली तर ‘बोगी’ आणि पहिल्याच फेकीत तबकडी टोपलीत गेली तर ‘एस’. ही परिभाषा बहुतांशी जुन्या गोल्फमधूनच आली आहे. महाविद्यालयांच्या आवारातील साध्या मार्गावर चौथऱ्यापासून टोपलीचे अंतर बहुधा साठ ते दीडशे मीटरच्या दरम्यान असते. स्पर्धेच्या मार्गावर ते याहून पुष्कळ वाढते.

टोपणापासून टोपलीपर्यंत

या खेळाचा इतिहास शोधू लागले असता पहिला धागा एका शाळेच्याच मैदानावर सापडतो, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष वाटते. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात ब्लॅडवर्थ नावाचे छोटे गाव आहे. तेथील प्राथमिक शाळेत १९२६ च्या सुमारास रोनाल्ड गिब्सन व त्याचे सवंगडी पत्र्याच्या डब्यांची टोपणे फेकून एक खेळ खेळत. मैदानाच्या रेताड भागात त्यांनी वर्तुळे आखली होती आणि कमीत कमी फेकांत टोपण त्या वर्तुळात टाकावयाचे, असा नियम केला होता. खेळाला त्यांनी ‘टिन लिड गोल्फ’, म्हणजे टोपणांचा गोल्फ, असे नाव दिले. मुले मोठी झाली, पांगली आणि तो खेळ तेथेच थांबला.

दुसरा धागा बेकरीचा आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे ‘फ्रिस्बी पाय कंपनी’ होती. तिच्या गोड पदार्थांबरोबर येणाऱ्या पत्र्याच्या थाळ्या येल विद्यापीठातील व आसपासच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत. तिसरा धागा कॅलिफोर्नियाचा. तेथील वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन या तरुणाने १९३७ मध्ये आपल्या मैत्रिणीबरोबर एक टोपण फेकण्याचा खेळ सुरू केला. पुढे समुद्रकिनारी केकच्या थाळ्या फेकत असताना कोणी तरी पाच सेंटची ती थाळी पंचवीस सेंट देऊन मागितली, तेव्हा यात धंदा आहे हे त्याच्या ध्यानी आले. दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक होता व युद्धकैदीही झाला. युद्धानंतर त्याने प्लास्टिकच्या तबकड्या तयार केल्या. त्या काळी ‘उडत्या तबकड्या’ आकाशात दिसल्याच्या वार्तांनी अमेरिका भारून गेली होती. म्हणून १९५५ मध्ये त्याने आपल्या सुधारित तबकडीचे नाव ‘प्लूटो प्लॅटर’ ठेवले. १९५७ मध्ये ‘व्हॅम-ओ’ या खेळणी-कंपनीने तिचे हक्क घेतले आणि विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेले बेकरीचे नाव थोडे बदलून ती ‘फ्रिस्बी’ म्हणून बाजारात आणली.

तबकडी हाती आल्यावर तिच्या साह्याने गोल्फ खेळावे, ही कल्पना अनेकांना स्वतंत्रपणे सुचली. टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाचे विद्यार्थी १९६४ च्या सुमारासच आवारातील झाडे हीच लक्ष्ये मानून स्पर्धा घेत होते. इतरत्र कोणी दिव्याचे खांब धरले, कोणी कचऱ्याची पिंपे. याचा अर्थ असा की महाविद्यालयाचे आवार हे या खेळाला मागाहून मिळालेले अंगण नव्हे. ज्या घरांत तो रांगला त्यांपैकी ते एक आहे.

या विखुरलेल्या प्रयत्नांना शिस्त लावण्याचे श्रेय एड हेड्रिक यांना जाते. व्हॅम-ओ कंपनीत काम करीत असताना त्यांनी तबकडीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार कंगोरे घेऊन तिचे उड्डाण स्थिर केले. त्याचे पेटंट त्यांना १९६७ मध्ये मिळाले. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळील ला कन्याडा फ्लिंट्रिज येथील ओक ग्रोव्ह उद्यानात त्यांनी कायमस्वरूपी आखलेला मार्ग उभारला. आरंभी तेथे लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. परंतु तबकडी खांबाला लागली की नाही यावरून वाद होऊ लागले. त्यावर त्यांनी उपाय काढला तो साखळ्यांचा. वेगाने आलेली तबकडी लोंबत्या साखळ्यांवर आपटते, तिचा वेग मरतो आणि ती खालच्या टोपलीत पडते. लागली की नाही, हा प्रश्नच उरत नाही. या रचनेचे पेटंट १९७७ मध्ये मिळाले. दरम्यान १९७६ मध्ये त्यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना स्थापन केली होती. तिचा पहिल्या क्रमांकाचा सभासद अर्थातच ते स्वतः होते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून काही स्मृती-तबकड्या घडवण्यात आल्या.

शेवटचा मोठा टप्पा १९८३ चा. डेव्ह ड्युनिपेस यांनी तबकडीची गोल जाड कड काढून तिला निमुळती, तिरपी कड दिली. हवा कापीत जाणारी ही तबकडी पूर्वीच्या मानाने पुष्कळ लांब जाऊ लागली. आजच्या सर्व लांब पल्ल्याच्या तबकड्या याच कल्पनेतून निघालेल्या आहेत.

तबकडी वळते का?

नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो असा : त्याने तबकडी सरळ फेकलेली असते, परंतु ती शेवटी हमखास डावीकडे वळून पडते. उजव्या हाताचा खेळाडू हात छातीवरून आडवा नेऊन फेकतो, तेव्हा वरून पाहिले असता तबकडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असते. हे फिरणे अत्यंत महत्त्वाचे आहे. फिरकीवाचून फेकलेली तबकडी पत्र्याच्या तुकड्यासारखी गटांगळ्या खात पडते. फिरणारा भोवरा जसा आपला अक्ष सोडीत नाही, तशीच फिरणारी तबकडी हवेत आपली पातळी धरून ठेवते.

मात्र हवेचा दाब तबकडीच्या बरोबर मध्यावर पडत नाही. वेग ओसरू लागला की उचलणाऱ्या दाबाचा बिंदू मध्याच्या पुढे असतो, त्यामुळे तबकडीची पुढची कड वर उचलली जाऊ पाहते. तबकडी फिरत नसती तर ती खरोखरच वर उचलली गेली असती. परंतु भोवऱ्याचा एक चमत्कारिक गुण असा की त्याला एका बाजूने ढकलले असता तो काटकोनातील दुसऱ्या बाजूस कलतो. म्हणून पुढची कड उचलण्याऐवजी तबकडी डावीकडे कलते आणि डावीकडे वळते. वेग फार असताना हाच दाबबिंदू मध्याच्या मागे जाऊ शकतो, आणि मग ती उलट उजवीकडे झुकते. याच कारणाने लांब फेकलेल्या तबकडीचा मार्ग पुष्कळदा ताणलेल्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो : आधी उजवीकडे, शेवटी डावीकडे. डाव्या हाताने, किंवा उजव्याच हाताने मनगट बाहेर फिरवून फेकले की हे सर्व उलटे होते.

तबकड्यांचे प्रकार या गुणधर्मावर पाडलेले आहेत. ‘ड्रायव्हर’ ही निमुळत्या कडेची, लांब पल्ल्याची. ‘मिड-रेंज’ ही मध्यम पल्ल्याची. ‘पटर’ ही जाड कडेची, संथ उडणारी व टोपलीजवळ वापरावयाची. नियमानुसार तबकडीचा व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा लागतो आणि वजन कोणत्याही स्थितीत २०० ग्रॅमपेक्षा अधिक असून चालत नाही. प्रत्यक्षात बहुतेक तबकड्या १५० ते १८० ग्रॅमच्या असतात. एवढ्याशा वस्तूने माणूस किती दूर मजल मारतो हे पाहावयाचे असेल तर २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या साह्याने डेव्हिड विगिन्स ज्युनियर याने केलेली ३३८ मीटरची फेक आठवावी. सामान्य विद्यार्थ्याची फेक साठ-सत्तर मीटर गेली तरी त्याने समाधान मानावे.

आवारातील एक फेरी

आता आपण एका साध्या आवारात चार विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर चालत जाऊ. पहिला चौथरा ग्रंथालयामागे आहे. समोर शंभर मीटरवर टोपली, मध्ये चार मोठी ओक झाडे आणि डाव्या बाजूस पायवाट. पायवाटेच्या पलीकडचा भाग ‘हद्दीबाहेर’ ठरवलेला आहे. उजव्या हाताच्या फेकीची तबकडी शेवटी डावीकडेच वळणार, म्हणजे धोका नेमका पायवाटेकडे आहे. अनुभवी मुलगी तबकडी जराशी उजवीकडे, झाडांच्या बाहेरून पाठवते व शेवटच्या वळणावर ती टोपलीजवळ आणते. दुसरा सरळ झाडांमधून प्रयत्न करतो. तबकडी बुंध्यावर आपटते आणि वीस मीटरवरच पडते. तिसऱ्याची तबकडी पायवाट ओलांडते; त्याला एका फेकीचा दंड. चौथी मुलगी नवखी आहे. ती संथ तबकडी हलकेच फेकते, जवळच पडते, परंतु वाट मोकळी राहते.

आता नियम असा की टोपलीपासून जो सर्वांत दूर, तो प्रथम फेकणार. जेथे तबकडी पडली तेथे तिच्यापुढे एक लहानशी खूण-चकती ठेवतात आणि फेकताना पाय त्या खुणेच्या लगेच मागे टेकलेला असावा लागतो. मागच्या त्या पट्टीची लांबी-रुंदीही ठरलेली आहे : ३० सेंटिमीटर व २० सेंटिमीटर. पाळी आल्यावर, वाट मोकळी असेल तर, तीस सेकंदांत फेकावे. टोपलीपासून दहा मीटरच्या आत आल्यावर आणखी एक बंधन लागू होते : फेकल्यावर तोल सावरून उभे राहिल्याचे दिसले पाहिजे, तोंडघशी पडत पुढे झेप घेता येत नाही. हरवलेली तबकडी शोधण्यास तीन मिनिटे मिळतात. त्या तीन मिनिटांत सगळेच प्रतिस्पर्धी गवतात वाकून एकाची तबकडी शोधत असतात, हे दृश्य या खेळात नित्याचे आहे.

चौघांचे टप्पे पूर्ण होतात. झाडावर आपटलेल्याला चार फेका लागतात, हद्दीबाहेर गेलेल्याला दंड धरून चार, अनुभवी मुलीला तीन. आणि जिची पहिली फेक सर्वांत आखूड होती तिलाही चारच. जोराने फेकणे व नेमके फेकणे यांतील फरक येथे पहिल्याच टप्प्यात कळतो. पुढच्या चौथऱ्यावर ज्याच्या फेका सर्वांत कमी लागल्या तो प्रथम फेकतो. अठरा टोपल्यांची फेरी चौघांना दोन-अडीच तास पुरते. चालणे काही किलोमीटरचे होते आणि बोलणे भरपूर होते.

निर्णय कोणाचा?

आतापर्यंतच्या वर्णनात पंच कोठेच आला नाही, हे वाचकांच्या ध्यानी आले असेल. साध्या खेळात तर नाहीच, परंतु स्पर्धेतही प्रत्येक गटामागे पंच हिंडत नाही. गुणांची नोंद गटातील खेळाडू आळीपाळीने ठेवतात. प्रत्येकाने आपली संख्या मोठ्याने सांगावयाची आणि इतरांनी ती ऐकावयाची. फेरीअखेर नोंद चुकीची आढळली तर स्पर्धेत दोन फेकांचा दंड बसतो. पाय खुणेवरून सरकला असे कोणास दिसले तर त्याने तत्काळ तसे म्हणावे; गटातील आणखी कोणी दुजोरा दिला म्हणजे निर्णय झाला. तबकडी हद्दीच्या आत की बाहेर, यावर मतभेद झाला तर बहुमत पाहावयाचे. बहुमतही होत नसेल तर फेकणाऱ्याच्या हिताचा अर्थ घ्यावयाचा. दुसरा फेकत असताना मोठ्याने बोलणे, मध्ये चालणे, आदळआपट करणे हा सौजन्यभंग मानला जातो. प्रथम ताकीद, पुन्हा घडल्यास दंड.

हे सारे वाचताना सोपे वाटते, प्रत्यक्षात अवघड आहे. आपल्या मित्राचा पाय सरकला हे पाहूनही गप्प राहणे फार सोयीचे असते. ते सांगितले तर संध्याकाळ बिघडते, न सांगितले तर खेळ बिघडतो. न्याय हा बाहेरून आलेल्या कोणा अधिकाऱ्याने करावयाची गोष्ट आहे, अशी सवय मुलांना लहानपणापासून लागते. येथे मात्र नियमाचे पुस्तक चौघांच्याही खिशात आहे आणि ते लागू करण्याची जबाबदारीही चौघांचीच आहे. शिक्षक या नात्याने आम्हांस या खेळातील सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. जेथे हे जमत नाही तेथे डिस्क गोल्फ हा केवळ तबकड्या भिरकावण्याचा कार्यक्रम होतो.

विन्थ्रॉपचे आवार

महाविद्यालयीन आवारातील सर्वांत नामांकित मार्ग पाहावयाचा तर दक्षिण कॅरोलिना राज्यातील रॉक हिल या गावी जावे लागेल. तेथील विन्थ्रॉप विद्यापीठाच्या तळ्याकाठच्या मैदानावर १९९९ पासून अमेरिकेची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरते. एरवी तेथील उतारावर विद्यार्थी व गावकरी फिरावयास येतात. स्पर्धेच्या वेळी मात्र जागोजागी पिवळे दोर ताणून हद्दी आखल्या जातात आणि त्याच हिरवळीवर जगातील उत्तमोत्तम खेळाडूंची परीक्षा सुरू होते. दोराबाहेर तबकडी गेली की दंड, आणि दोर तर सर्वत्र आहेत. एक टप्पा ८८८ फुटांचा, म्हणजे सुमारे २७० मीटरचा असून तो त्या आकड्यानेच प्रसिद्ध आहे. सतरावा टप्पा याच्या अगदी उलट. टोपली जेमतेम ७५ मीटरवर आहे, परंतु तिच्याभोवती गवताच्या गासड्या रचून बेट केलेले आहे. तबकडी त्या बेटावरच उतरली पाहिजे. तीन-चार दिवसांच्या मेहनतीने मिळवलेली आघाडी या सतराव्या टप्प्यावर गमावलेले खेळाडू आहेत. लांबीची भीती वाटत नाही, जवळचीच वाटते, हे तेथे जाऊन उमगते असे म्हणतात.

इतिहासाचा विद्यार्थी मात्र त्या हिरवळीकडे नुसता खेळाडूच्या नजरेने पाहू शकत नाही. विन्थ्रॉपची स्थापना १८८६ मध्ये त्याच राज्याची राजधानी असलेल्या कोलंबिया शहरात झाली. (बाबासाहेब जेथे शिकले ते न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ वेगळे.) शिक्षिका घडवणारी ती शाळा एकवीस मुलींनिशी सुरू झाली. बोस्टनच्या रॉबर्ट विन्थ्रॉप यांच्या प्रयत्नाने पहिला निधी मिळाला म्हणून त्यांचे नाव संस्थेस लाभले. १८९५ मध्ये ती रॉक हिल येथे आली. स्त्रीशिक्षणाचे कार्य म्हणून तिचा गौरव करावा तो योग्यच. परंतु तिचे दार केवळ गोऱ्या मुलींसाठी उघडे होते. मुख्य इमारतीला ज्या बेंजामिन टिलमनचे नाव पुढे देण्यात आले, तो या महाविद्यालयाचा पाठीराखा होता आणि कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा उघड वैरीही होता.

त्याच गावात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी फ्रेंडशिप ज्युनिअर कॉलेज ही लहानशी संस्था होती. ३१ जानेवारी १९६१ रोजी तेथील काही विद्यार्थी व त्यांचा एक संघटक सहकारी गावातील मॅक्रोरी या दुकानातील उपाहाराच्या टेबलापाशी जाऊन बसले. ते टेबल गोऱ्यांसाठी राखीव होते. दहा जणांना अटक झाली. शंभर डॉलर दंड किंवा तीस दिवस सक्तमजुरी, असा निकाल लागला. दंड भरून सुटणे म्हणजे अन्याय करणाऱ्याच्याच तिजोरीत भर घालणे, असा विचार करून त्यांपैकी नऊ जणांनी तुरुंग पत्करला. ‘फ्रेंडशिप नाईन’ या नावाने ते इतिहासात नोंदले गेले आणि ‘जामीन नको, तुरुंग चालेल’ हा त्यांचा मार्ग इतर शहरांतील चळवळींनीही उचलला. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना एका टेबलापाशी बसण्यासाठी तुरुंगात का जावे लागते, हे समजावून सांगावे लागणार नाही. तीन वर्षांनी, १९६४ मध्ये, सिंथिया प्लेअर रॉडी या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने विन्थ्रॉपमध्ये प्रवेश घेतला. पुरुषांना तेथे रीतसर प्रवेश १९७४ मध्ये मिळाला. फ्रेंडशिप कॉलेज १९८१ मध्ये बंद पडले. त्या नऊ जणांची शिक्षा न्यायालयाने रद्दबातल केली ती २८ जानेवारी २०१५ रोजी; आणि ती रद्द करणारे न्यायाधीश हे मूळ शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशांचे पुतणे होते.

जुन्या गोल्फच्या इतिहासाशीही याची सांगड घालून पाहावी. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेत १९३४ पासून असे कलम होते की सभासद केवळ गौरवर्णीयच होऊ शकेल. ते कलम काढले गेले १९६१ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी रॉक हिलचे ते तरुण तुरुंगात खडी वाहत होते त्याच वर्षी. डिस्क गोल्फ त्यानंतर जन्मला. त्याच्या घटनेत असे कलम कधी नव्हते. तथापि कलम नसले म्हणजे मैदान आपोआप सर्वांचे होते असे नाही. अमेरिकेतही हा खेळ आजवर मुख्यत्वे गोऱ्या पुरुषांनी खेळला आहे. दार उघडे असणे ही पहिली पायरी. आत येणाऱ्याला हात धरून पहिली फेक शिकवणारा कोणी असणे ही दुसरी. ही दुसरी पायरी बांधावयाची तर ती शाळा-महाविद्यालयांनीच बांधावी लागेल.

जागेचा व पैशाचा हिशेब

अठरा खळग्यांच्या गोल्फ मैदानाला शंभराहून अधिक एकर जमीन, सतत छाटलेली हिरवळ व भरपूर पाणी लागते. त्यामुळे तो खेळ बहुतेक ठिकाणी श्रीमंतांच्या क्लबात राहिला. डिस्क गोल्फचा अठरा टोपल्यांचा मार्ग वीस-तीस एकरांतही बसतो, नऊ टोपल्यांचा त्याहून पुष्कळ कमी जागेत. शिवाय झाडे तोडावी लागत नाहीत. झाडे नसली तर खेळच अळणी होतो. उतार, ओढा, खडक या शेतीच्या दृष्टीने निरुपयोगी गोष्टी येथे उपयोगी ठरतात. अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक मार्गांवर खेळण्यास पैसे पडत नाहीत आणि एका तबकडीने फेरी पूर्ण करता येते.

अर्थात आवारात मार्ग आखताना काही पथ्ये पाळावीच लागतात. तबकडी कठीण असते; डोक्याला किंवा डोळ्याला लागली तर गंभीर इजा होते. म्हणून चौथरा व टोपली यांच्यामधून वर्दळीची वाट जाता कामा नये, खिडक्यांच्या दिशेने फेक होता कामा नये आणि एका टप्प्याची फेक दुसऱ्या टप्प्यावरील खेळाडूंवर येता कामा नये. वाटेने कोणी जात असेल तर तो जाईपर्यंत थांबावयाचे. पहिला हक्क चालणाऱ्याचा. तबकडी भरकटली तर ‘फोर!’ अशी आरोळी ठोकावयाची, हा गोल्फचाच जुना संकेत येथेही आहे. झाडांचेही भान ठेवावे लागते. एकाच बुंध्यावर वर्षानुवर्षे तबकड्या आदळल्या तर साल सोलली जाते. टोपलीभोवती सततच्या पावलांनी गवत मरते व पावसात माती वाहते. यासाठी जाणते लोक टोपलीच्या दोन-तीन जागा ठरवून ती अधूनमधून हलवतात आणि मोक्याच्या झाडांना संरक्षक आवरण बांधतात.

आपल्या शाळेच्या मैदानाच्या मागील उतारावर असा मार्ग व्हावा की नाही, हे ठरविणे व्यवस्थापनाचे व क्रीडाशिक्षकांचे काम आहे. त्यासाठी परदेशी साहित्य आणावेच लागते असेही नाही. जमिनीत रोवलेला बांबू, त्याला बांधलेली जुनी टोपली आणि बोथट कडेची प्लास्टिकची तबकडी एवढ्यावर पहिली फेरी होऊ शकते. पत्र्याचे टोपण मात्र मुलांच्या हाती देऊ नये, त्याची कड कापते. ब्लॅडवर्थच्या मुलांपाशी तर टोपणे व रेतीतील वर्तुळे यांपलीकडे काहीच नव्हते. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज विद्यापीठांच्या आवारांत राहतात त्यांनी तेथील मार्गांवर एकदा तरी चालून पाहावे, नियम समजून घ्यावेत आणि सुटीत गावी येताना दोन तबकड्या आणाव्यात. गुणांची वही मात्र मुलांच्याच हाती द्यावी, आणि आम्ही शिक्षकांनी त्या तासाला शिट्टी खिशात ठेवून मैदानाच्या कडेला उभे राहावे.